गावाचा आरोग्य निधी : लोकांना नेमकं काय हवंय? (यवतमाळ जिल्हा, सल्ला पाहिजे)

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. मी राळेगाव तालुक्यातल्या बचत गटांच्या ग्रामसंघांबरोबर हिशेबनीस म्हणून काम करतो. सात गावं मिळून साधारण ६०० घरं, माणसं अडीच हजारांच्या घरात. ताया दोन वर्षांपासून म्हणताहेत की दुखण्याखुपण्यासाठी आपला एक निधी असावा. गटातून उचललेल्या कर्जाच्या नोंदी चाळल्या तर बियाणं-खताखालोखाल "बिमारी" हाच शब्द सापडतो.

आम्ही चार शिकलेले बसलो आणि एक योजना कागदावर उतरवली. घरटी वर्षाला ५०० रुपये, दवाखान्यात भरती झालं तर २०,००० पर्यंत मदत. स्वतःवर खूश होऊन गावात गेलो. पहिल्याच बैठकीत एक आजी म्हणाली, "भरती झाल्यावर सरकारचं कार्ड हाये नं बाप्पा. तू काहाले पैसे मांगून रायला?" विषय तिथेच संपला.

आजीचं चूक नव्हतं. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांसकट. मोठ्या ऑपरेशनसाठी सात गावांनी वर्गणी काढणं म्हणजे नदीकाठी पाणपोई घालणं.

मग उलटीकडून सुरुवात केली. समाजमंदिरात रांगोळीने मोठं वर्तुळ काढलं आणि त्याचे कप्पे पाडले : भरती, रोजची दवाई, रक्त-लघवी-सोनोग्राफी, गाडीभाडं, बुडालेला रोज, बाळंतपण, डोळे-दात. प्रत्येकीला पंचवीस चिंचोके दिले. कप्प्यांची किंमत वेगवेगळी ठेवली, म्हणजे सगळं घेता येणार नाही, काहीतरी सोडावंच लागेल. आधी एकेकीने मांडायचं, मग दहा-बारा जणींनी मिळून भांडून एकच मांडणी करायची.

सात गावांत असे अकरा खेळ झाले. "रोजची दवाई" अकराही गटांनी घेतली. "गाडीभाडं" नऊ गटांनी. "बुडालेला रोज" बायकांच्या सगळ्या गटांनी घेतला, पुरुषांच्या तीनपैकी एकाच गटाने. भरतीवर लोकांनी दोन-तीन चिंचोके नावापुरते ठेवले. डोळे-दात कप्प्यात एकाच गावात चिंचोके पडले. तिथे बसलेल्या निम्म्या बायकांना मोतीबिंदू होता.

आता अडचण अशी की आमच्या समितीतले दोघं म्हणतात, "लोकांना कळत नाही, खोकल्याच्या बाटलीसाठी विमा नसतो." तुमचं काय मत?

---

नागपुरी संत्रं

एवढा उपद्व्याप कशाला? कंपनीची ग्रुप पॉलिसी घ्या, हप्ता भरा, मोकळे व्हा. चिंचोके वाचतील, चटणीला कामी येतील.

---

धुऱ्यावरचा

@नागपुरी संत्रं, चौकशी केली. कंपनीची पॉलिसी भरतीसाठी, चोवीस तास ॲडमिट राहिलं तर. आमच्या लोकांनी जे कप्पे निवडले त्यातला एकही त्यात नीट बसत नाही. शिवाय दावा मंजूर करणारा माणूस कुठल्या शहरात बसलाय हे आमच्या ताईला कळणार नाही. तिला विचारायला जायचं घर हवंय, टोल-फ्री नंबर नको.

---

दवाखान्याची पायरी

मी वर्धा जिल्ह्यात नर्स होते, आता निवृत्त. तुमचा प्रश्न वाचून सेवाग्रामची ज्वारी आठवली. नव्या पिढीला ती माहीत नसेल म्हणून सविस्तर लिहिते.

सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढलं. कस्तुरबा रुग्णालय त्याच्याही आधीपासूनचं. तिथल्या डॉ. उल्हास जाजूंनी आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत आरोग्य विम्याची योजना उभी केली. हप्ता ज्वारीत. सुगी झाली, खळं उठलं की गावात जाऊन ज्वारी गोळा करायची. ज्याची शेती जास्त त्याने जास्त द्यायची, भूमिहीनाने कमी. मिळणारा उपचार मात्र सगळ्यांना सारखा.

एक अट मोठी शहाणपणाची होती. गावातली निदान ७५ टक्के घरं आली तरच ते गाव योजनेत घ्यायचं. त्यामुळे आजारीच तेवढे आले आणि धडधाकट बाहेर राहिले असं होत नव्हतं. आणि गावाने स्वतः बसून ठरवल्याशिवाय इतकी घरं यायचीच नाहीत.

दुसरी गोष्ट. अचानक आलेला आजार आणि आधीपासून माहीत असलेली गोष्ट यात फरक केला होता. साप चावला, हगवण लागली, ताप डोक्यात गेला तर भरतीचे पैसे नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, नॉर्मल बाळंतपण यांची तयारी करायला घराला वेळ असतो, म्हणून त्यात रुग्णाचा काही वाटा. आमच्या आया-बहिणींना हा फरक कुणी समजावून सांगावा लागला नाही. संकट वेगळं आणि कार्य वेगळं, हे घराघरात कळतं.

पण भाबडेपणाने नक्कल करू नका. ज्वारीतून गावातला आरोग्यसेवक आणि औषधं चालत. मोठ्या दवाखान्याचा खर्च त्यातून निघत नव्हता, तो संस्थेच्या अंगावर होता. तुमच्या मागे असा दवाखाना आहे का? नसेल तर तुमची योजना वेगळी असेल.

आणि आता ज्वारी तरी कुठे राहिली? सोयाबीन आलं, ज्वारीची वावरं गेली. कडब्यासाठी ओळखीपाळखीत विचारावं लागतं.

---

पऱ्हाटी

धुऱ्यावरच्या भाऊ, तुमचा खेळ मस्त हाये, पण माही गोष्ट आयका.

दोन वर्साआधी बाबाच्या छातीत दुखलं. रात्री साडेअकरा. १०८ ले फोन केला, गाडी दुसऱ्या गावाले गेल्ती. गावातल्या एका पोट्ट्याची गाडी केली, त्यानं २,२०० घेतले. रात्रीचा टाइम, भाव कोन करते? शयरातल्या एका दवाखान्यात नेलं. कार्ड दाखोलं तं काऊंटरवरचा म्हने, "यह बीमारी बैठती नहीं, पहले दस हज़ार जमा करो." योजनेचा मानूस, आरोग्यमित्र, कुठी हाये तं म्हने सकाळी येईन. घरून निंगताना खिशात चार हजार होते. मंग भावाले उठोलं, त्यानं सावकाराले उठोलं.

सकाळी आरोग्यमित्र आला. मानूस चांगला. त्यानं कागद पाह्यले अन् म्हने ही बिमारी बसते योजनेत, भरले पैसे वापस भेटतीन. भेटले बी, दोन महिन्यानं. तवरोक व्याज चालूच होतं.

म्हनून सांगतो, पाच लाखाचं कार्ड अन् रात्रीचे दहा हजार ह्या दोन येगळ्या गोष्टी हायेत. आमाले पाच लाख नाई पायजे. रात्री साडेअकराले उठून पैसे देनारं एक घर पायजे. ते तुमच्या निधीत बसत असन तं मी आत्ता सभासद होतो, माहा जिल्हा दुसरा असला तरी.

---

कुबेराचा मुनीम

मी विमा क्षेत्रात आकडेमोड करून पोट भरतो. थोडं थंड पाणी ओततो, रागावू नका.

पहिलं, "विमा" हा शब्द पावतीवर छापू नका. विम्याचा धंदा करायला आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, परवाना लागतो, त्यासाठी किमान १०० कोटींचं भांडवल. तुम्ही ग्रामसंघाच्या सभासदांचा परस्पर-मदत निधी करताय, तेच नाव ठेवा आणि नियमावलीत "निधीत शिल्लक असेल तोवर मदत" असं स्वच्छ लिहा.

दुसरं, हिशेब. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भारतात वर्षभरात हजारी २६ माणसं दवाखान्यात भरती झालेली दिसतात, बाळंतपणं सोडून. तुमची २,५०० माणसं, म्हणजे वर्षाला ६५ भरती. घरटी ६०० रुपये धरले तर जमा ३,६०,०००.

आता प्रत्येक भरतीला गाडीभाडं ८०० आणि बुडालेला रोज २५० प्रमाणे पाच दिवस, म्हणजे १,२५०. मिळून २,०५०. गुणिले ६५ केलं तर १,३३,२५०. पण पैसे मिळतात म्हटल्यावर भरती वाढते, हा जगभरचा अनुभव. दीडपट धरा, ९८ भरती, सुमारे दोन लाख. दहा टक्के राखीव, ३६,०००. उरले सव्वा लाखाच्या आत. ६०० घरांत वाटले तर घरटी साधारण २०५ रुपयांची दवाई.

म्हणजे लोकांनी सगळ्यात जास्त चिंचोके जिथे ठेवले तिथे देण्यासारखं सगळ्यात कमी उरतं. तुमचे दोन समितीवाले याच कारणाने कुरकुरत असतील. त्यांचं सगळंच चूक नाही. वारंवार होणाऱ्या लहान खर्चाचा विमा म्हणजे स्वतःचेच पैसे फिरून स्वतःकडे, मधे मुनिमाचा पगार.

---

टीपकागद

मुनीमजींचा हिशेब पाठ्यपुस्तकातला आहे आणि बरोबर आहे. पण पाठ्यपुस्तक खेड्यात बसून लिहिलेलं नाही.

धुऱ्यावरच्यांनी जो चिंचोक्यांचा खेळ केला, तसाच खेळ अमेरिकेत मॅरियन डॅनिस आणि सुझन गूल्ड यांनी बनवला होता. गोल पाट, त्यावर उपचारांचे कप्पे, मर्यादित ठिकऱ्या, आधी एकट्याने आणि मग गटाने निवड. डेव्हिड ड्रॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तो कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या गरीब लोकांबरोबर खेळून पाहिला. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनीही तो व्यवस्थित खेळला, आणि भरतीच्या जोडीला ओपीडी आणि औषधं हवीत असंच बहुतेक गटांचं म्हणणं पडलं. म्हणजे राळेगावच्या ताया काही जगावेगळं मागत नाहीत. चिंचोके ही त्यावरची सुधारणा म्हणावी लागेल, एकही पैसा लागत नाही.

आता "लोकांना कळत नाही" याबद्दल. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. पण खिशातून जाणाऱ्या पैशात औषधांचा वाटा सगळ्यात जाड. बीपी-शुगरची गोळी दर महिन्याला लागते. ती दोनदा चुकवली की तिसऱ्यांदा भरती. लहान खर्च आणि मोठा खर्च ही दोन वेगळी खाती नाहीत, एकाच दुखण्याची सुरुवात आणि शेवट आहे.

दोन जुने धडे. कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी यशस्विनी सुरू झाली, माणशी वर्षाला ६० रुपये, मुख्यतः शस्त्रक्रिया. लाखो लोक आले, कारण सहकारी संस्थेचं जाळं आधीच गावात होतं. तुमच्याकडे ग्रामसंघ आहेत, तीच तुमची पुंजी. दुसरा धडा अहमदाबादच्या सेवाचा, म्हणजे असंघटित कामगार बायकांच्या संघटनेचा. त्यांचा विमा १९९२ पासून. तिथल्या अभ्यासांत दिसलं की "आधी तुम्ही भरा, मग कागद द्या, मग परत देऊ" या पद्धतीत खेड्यातल्या आणि गरीब बायका मागे पडतात. पऱ्हाटीभाऊंनी वर तेच सांगितलं, व्याजासकट.

---

पऱ्हाटी

@टीपकागद, म्हंजे म्या बी संशोधन केलं म्हना की. फुकटात.

---

मोहफूल

गडचिरोलीहून. आमच्याकडे प्रश्नाचा रंग थोडा वेगळा आहे.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये सर्च संस्था सुरू केली, तेव्हा गोंड लोकांना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. लोक म्हणाले, मोठी पांढरी इमारत पाहून भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, आणि तिथे आमचा देव नाही. म्हणून सर्चच्या आवारातला, शोधग्रामचा दवाखाना पाड्यासारखा बांधला, झोपड्या-झोपड्यांचा, नातेवाईक सोबत राहतील असा, आणि नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. मी हे यासाठी सांगतेय की "गरज" डॉक्टर मोजतो, "पसंती" माणूस सांगतो. मलेरियाची गोळी ही गरज. रात्री आजारी पोराजवळ त्याची आजी बसलेली असणं ही पसंती. दुसरी नसेल तर पहिलीपर्यंत माणूस पोचतच नाही.

तुमच्या "बुडालेला रोज" कप्प्याबद्दल एक विचारते. रोज कुणाचा मोजणार, आजाऱ्याचा की सोबत बसणाऱ्याचा? आमच्याकडे एक माणूस भरती झाला की दोघांची मजुरी जाते, मोहाच्या दिवसांत तर अख्ख्या घराची.

अजून एक, सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भात हा आजार भरपूर, तुमच्याकडेही असणार. असं लेकरू वर्षातून चार-चार वेळा भरती होतं. तुम्ही "घरटी एकदाच मदत" असा नियम केलात तर सगळ्यात आधी तेच घर बाहेर पडेल. "आधीपासूनचा आजार चालणार नाही" असा केलात तर जन्मापासूनच बाहेर.

---

धुऱ्यावरचा

मोहफूलताई, रोज कुणाचा हा प्रश्न आमच्याकडे आधीच पेटलाय. एका बैठकीत एक पुरुष म्हणाला, बाईचा रोज २५० आणि माणसाचा ४०० धरा, बाजारात तोच भाव आहे. त्यावर कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "मी तं मजुरीले जात नाई, घरीच असतो. मी बिमार पडली तं तुमचा काईच रोज बुडत नाई का?" सगळे हसले. मग तिने मोजायला सुरुवात केली. पाणी, सैंपाक, ढोरं, सासूची आंघोळ, पोराचा डबा. हसणं थांबलं.

शेवटी एकमत झालं ते असं. पैसे सोबत बसणाऱ्याला द्यायचे, बाई असो की माणूस, एकच दर. आजाऱ्याचा रोज तर तसाही जातोच. सोबतीचा रोज वाचला तर निदान कुणी सोबत जाईल. एकट्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात कुणी नेत नाही, त्याचं अर्धं कारण तेवढंच असतं.

सिकलसेलचं कबूल करतो, आमच्या मसुद्यात "वर्षातून एकदा" लिहिलं होतं. खोडलं.

---

नागपुरी संत्रं

गंमत सोडून विचारतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. उपकेंद्र, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), ग्रामीण रुग्णालय. मग "रोजच्या दवाई"वर निधीचा पैसा का घालायचा? लोकांनी तिथे जावं ना.

---

दवाखान्याची पायरी

जावं. मीही तीस वर्षं हेच सांगितलं. पण पीएचसीची ओपीडी सकाळची आणि कापसाची वेचणीही सकाळची. बाई संध्याकाळी घरी येते तेव्हा उघडं काय असतं? मोटारसायकलवर येणारा "डॉक्टर" आणि चौकातलं मेडिकल. तो एक सुई आणि तीन रंगांच्या गोळ्या देतो, दीडशे-दोनशे घेतो, उधारही ठेवतो. बाईने मूर्खपणा नाही केला. दोनशे रुपये देऊन अडीचशेचा रोज वाचवला.

म्हणून माझं ऐका, दवाईचे पैसे घरटी वाटू नका. मुनीमजींचे सव्वा लाख एकत्र ठेवा आणि त्यातून संध्याकाळ विकत घ्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी सात ते नऊ एखादी निवृत्त नर्स गावात बसवा, बीपी-शुगर मोजायचं मशीन, आणि पंधरवड्यातून एकदा खरा डॉक्टर. बीपी-शुगरच्या गोळ्या पीएचसीत मोफत आहेत, त्या महिन्याच्या महिन्याला घेऊन येणारं कुणीतरी हवं, एवढंच. फवारणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी. २०१७ विसरलात का? यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. डोळ्यांची आग, मळमळ, हे पहिल्या संध्याकाळीच कुणी पाहिलं असतं तर सगळे नाही, काही वाचले असते.

---

कुबेराचा मुनीम

ताई, हे हिशेबात बसतं. घरटी २०५ रुपये वाटले तर धूळ, एकत्र सव्वा लाख म्हणजे माणूस. माझं आधीचं "मुनिमाचा पगार" वाक्य मागे घेतो.

शिवाय यात विम्याचं एक जुनं दुखणंही बरं होतं. वर्षभर ज्याच्या घरी कुणी भरती झालं नाही तो दुसऱ्या वर्षी विचारतो, माझे ६०० कुठे गेले? त्याला महिन्यातून एकदा बीपी मोजून मिळालं असेल तर तो असं विचारत नाही. गाव-योजना बुडतात त्या बहुतेक दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाला.

७५ टक्क्यांची सेवाग्रामची अट मात्र जशीच्या तशी उचला. आणि वर्षाच्या मधे कुणालाही घेऊ नका. पोटात दुखायला लागल्यावर पावती फाडणारे येतील, मेहुणे-साडू घेऊन येतील.

---

उंबरठा

इतका वेळ नुसती वाचत होते. मी आशा कार्यकर्ती आहे, जिल्हा सांगत नाही.

एक धोका कुणीच बोललं नाही. पिशवीचं ऑपरेशन. अंगावरून जातं, कंबर दुखते, बाई खासगीत दाखवते, "कॅन्सर होईल, काढून टाका." वय तीस-पस्तीस. वर टीपकागद यांनी सेवाचं उदाहरण दिलं, त्यांच्याकडेही गर्भाशय काढण्याचे दावे फार मोठ्या संख्येने येत होते. पैसे मिळण्याची सोय झाली की ऑपरेशन सोपं होतं. तुमचा निधी भाडं आणि रोज देणार असेल तर असं ठरवा : ठरवून करायच्या ऑपरेशनला, विशेषतः पिशवीच्या, सरकारी दवाखान्यातलं दुसरं मत घेतल्यावरच मदत. भाडं दुसऱ्या मताच्या फेरीलाही द्या, नाहीतर ती जाणार नाही.

आणि ग्रामसंघाच्या बैठकीत कुणाला काय झालं हे वाचून दाखवू नका. आमच्याकडे एकदा तसं झालं. त्या बाईने गटच सोडला. कागद दोघींनीच पाहायचा, वहीत फक्त "भरती" आणि दिवस.

---

टीपकागद

उंबरठाताई, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा.

धुऱ्यावरचे, उमेदच्या, म्हणजे राज्याच्या बचत गट अभियानाच्या, ग्रामसंघांना अडल्यानडल्यासाठी जोखीम प्रवणता निधी मिळतो ना? आजारपणासाठी त्यातून बिनव्याजी किंवा कमी व्याजाने देता येतं. पऱ्हाटीभाऊंचे रात्रीचे दहा हजार तिथून का नाही?

---

धुऱ्यावरचा

मिळतो, आणि कागदावर तो याचसाठी आहे. अडचण पैशाची नाही, किल्लीची आहे. पैसे बँकेत, सही तिघींची, ठराव बैठकीत, बैठक महिन्यातून एकदा. हार्ट अटॅक महिन्याच्या बैठकीची वाट पाहत नाही.

त्यावर एका गावाने तोड काढली, माझी नाही. गावात दोन घरं ठरवायची, एकीकडे पेटी, दुसरीकडे किल्ली. पेटीत फक्त १०,०००. रात्री दोघींनी एकत्र उघडायची, वहीत अंगठा, सात दिवसांत पुढच्या बैठकीची वाट न पाहता खात्यातून पेटी पुन्हा भरायची. हे पैसे उसने, बिनव्याजी, चार महिन्यांत परत. भाडं आणि रोज मात्र परत करायचे नाहीत. सात पेट्या, सत्तर हजार, ते जोखीम निधीतून उचलतोय. कर्ज एका वहीत, मदत दुसऱ्या वहीत.

---

धुऱ्यावरचा

(महिन्याभराने) खबरबात देतो.

सातपैकी चार गावांनी ७५ टक्के गाठले. दोन गावांत घरं कमी पडताहेत, त्यांना संक्रांतीपर्यंत मुदत. एका गावाने साफ नाही सांगितलं. तिथे काही वर्षांपूर्वी एक चिटफंडवाला पैसे घेऊन पळालाय. त्यांच्याकडे पुन्हा वर्षभराने जाऊ, तोवर शेजारच्या गावातली पेटी उघडलेली त्यांनी पाहिलेली असेल.

हप्ता "६०० रुपये" म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडत होत्या. एका ताईने ते "घरामागं दोन-अडीच दिवसांची वेचणी" असं केलं. रक्कम तीच, पण बायकांनी लगेच हो म्हटलं. दहा एकरांवरचे शेतकरी दुप्पट देतील असं सेवाग्रामच्या धर्तीवर सुचवलं, त्यावर दोन गावांत कचाकच भांडण झालं आणि शेवटी दीडपटीवर मिटलं. भूमिहीन विधवांच्या घरांचा अर्धा हप्ता गट भरतील. जमा दोनदा : दिवाळीला सोयाबीनचा पैसा असतो तेव्हा निम्मा, संक्रांतीला कापूस विकल्यावर उरलेला. जूनमध्ये कुणाच्या दारात जायचं नाही, तेव्हा बियाण्याला पैसे नसतात.

संध्याकाळच्या दवाखान्यासाठी एक निवृत्त एएनएम ताई (उपकेंद्रातल्या नर्स) तयार झाल्यात. त्यांची एकच अट : सलाईन लावणार नाही, कुणी कितीही हात जोडले तरी. सुईशिवाय दवाई लागत नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांशी त्यांचं कसं जमतं ते बघू.

डिस्चार्ज कार्डाचा घोळ उरलाय. काही लहान खासगी दवाखाने चिठ्ठीवर भागवतात, त्यावर तारीखही नसते. सोबत बसणाऱ्याचा रोज कशावर द्यायचा? सध्या आशाताईची सही चालवायचं ठरलंय, पण तिच्यावर ओळखीपाळखीचा दबाव येणार हे दिसतंय. उंबरठाताई, तुमच्या अनुभवातून काही सुचतं का?

आणि पावतीपुस्तकाचा नमुना कुणाकडे असेल तर टाका. "विमा" शब्द नसलेला.

---

उंबरठा

आशाची एकटीची सही ठेवू नका, मरेल ती. दवाखान्यातल्या खाटेवरचा फोटो मागा, त्यात सोबतीचं माणूस दिसलं पाहिजे, आणि तो भरतीच्या दिवशीच ग्रुपवर नाही तर पेटीवालीला पाठवायचा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी गाडीवाल्याची साक्ष. तो कुणाचाच नातेवाईक नसतो, आणि त्याला त्याचे ८०० हवे असतात.

---

पऱ्हाटी

पावतीपुस्तक आमच्या जिनिंगवाल्याकडून छापून देतो. रंग कोनता पायजे?